मुलांचे डॉक्टर : यानुश कोरचाक

(यानुश कोरचाक हे पोलंड देशातील एक डॉक्टर, लेखक आणि शिक्षक होते. अनाथ मुलांसाठी त्यांनी आपले सारे आयुष्य वेचले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी राजवटीने वॉर्सा शहरातील ज्यू समाज नष्ट केला. त्या भयंकर काळातही कोरचाक यांनी मुलांची साथ सोडली नाही. त्यांची ही जीवनकथा.)

विद्यार्थी मित्रांनो, ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग ही गावे तुम्हांला ठाऊक आहेत. भिवंडीहून ठाण्याला तर तुमच्यापैकी बरेच जण एस.टी.ने गेले असतील. त्या ठाण्यात १८७९ साली बांधलेले एक सिनेगॉग आहे. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ. ज्यूंना उर्दूत आपण यहुदी म्हणतो. कोकणातले ज्यू स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. त्यांची मातृभाषा मराठी आणि आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा पवित्र वार. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांबरोबर ते शेकडो वर्षे राहिले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे इस्राएल देशात गेली. पण ती गेली ती आपल्या इच्छेने. येथे धर्मावरून त्यांना कोणी छळले नव्हते.

युरोपातील ज्यूंच्या वाट्याला मात्र असे सुख आले नाही. तेथे एक असा काळ आला, की केवळ ज्यू म्हणून जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. त्या काळातील एका डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

वॉर्सा ही पोलंडची राजधानी. या शहरात एका वकिलाच्या घरी २२ जुलै रोजी एक मुलगा जन्मला. वर्ष १८७८ की १८७९ हे नक्की सांगता येत नाही. कारण वडिलांनी जन्माची नोंदच वेळेवर केली नव्हती. मुलाचे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. घर सुखवस्तू होते. हेन्रिक पाच वर्षांचा असताना त्याचा आवडता कॅनरी पक्षी मेला. त्याने त्याला अंगणात पुरले आणि वर लाकडाचा एक क्रूस लावायचे ठरवले. तेव्हा पहारेकऱ्याच्या मुलाने त्याला अडवले. त्याचे म्हणणे असे, की हेन्रिक ज्यू आहे, म्हणून त्याचा पक्षीही ज्यूच. त्याच्यावर क्रूस लावता येणार नाही. आपण इतरांपेक्षा वेगळे मानले जातो, हे त्या लहान मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. ही आठवण त्यांनी आयुष्याच्या शेवटी लिहून ठेवली.

पुढे वडिलांना मनाचा आजार जडला. उपचारांत पैसा संपला आणि १८९६ साली ते वारले. हेन्रिक तेव्हा शाळेत शिकत होता. घर चालवण्यासाठी तो श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करू लागला. गरिबी काय असते ते त्याने पुस्तकात वाचले नाही, स्वतः अनुभवले. १८९८ साली तो वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. त्याच सुमारास एका लेखनस्पर्धेसाठी त्याने यानुश कोरचाक हे टोपणनाव घेतले. पुढे जग त्यांना याच नावाने ओळखू लागले.

शिक्षण संपवून कोरचाक मुलांच्या एका रुग्णालयात डॉक्टर झाले. श्रीमंत रुग्णांकडून ते भरपूर फी घेत आणि गरिबांना फुकट तपासत. थोड्याच दिवसांत त्यांचा लौकिक झाला. मनात आणले असते, तर ते मोठा बंगला बांधून आरामात राहिले असते. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. ते आजारी मुलाला औषध देऊन बरे करीत. ते मूल पुन्हा त्याच अंधाऱ्या, ओल्या खोलीत जाई, पुन्हा उपाशी राही आणि पुन्हा आजारी पडे. मग अशा औषधाचा उपयोग काय? मुलाला चांगले घर हवे, पोटभर अन्न हवे आणि कोणीतरी आपले ऐकून घेणारे हवे, असे त्यांना वाटू लागले.

१९१२ साली वॉर्सामधील क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी एक नवा आश्रम सुरू झाला. आपण त्याला यतीमखाना म्हणू. कोरचाक त्याचे प्रमुख झाले. स्टेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाई त्यांच्या सहकारी होत्या. मुले त्यांना स्टेफाबाई म्हणत. पुढची तीस वर्षे या दोघांनी मिळून तो आश्रम चालवला. कोरचाकांनी लग्न केले नाही. आश्रमाच्या माळ्यावरील एका लहानशा खोलीत ते बरीच वर्षे राहिले. दर आठवड्याला ते मुलांचे वजन करीत आणि कोण रोडावले, कोण वाढले याची नोंद ठेवीत.

मित्रांनो, हा आश्रम इतर आश्रमांसारखा नव्हता. तेथे छडी नव्हती. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. कोणी कोणाला मारले, कोणाची वस्तू घेतली किंवा कोणाला चिडवले, तर त्याच्यावर खटला चाले. न्यायाधीश मुलेच असत. या न्यायालयासाठी कोरचाकांनी एक कायदा लिहिला होता. त्याची पहिली नव्व्याण्णव कलमे क्षमेची किंवा सुटकेची होती. शंभराव्या कलमापासून दोष लागू होई. एक हजारावे कलम सर्वांत कडक, आश्रमातून काढून टाकण्याचे. हा कायदा केवळ मुलांना नव्हता, मोठ्यांनाही होता. कोरचाकांनी एकदा एका मुलाच्या कानशिलात मारली. एकदा एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला. तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःवर खटला भरला आणि मुलांपुढे आरोपी म्हणून उभे राहिले. सहा महिन्यांत असे पाच वेळा घडले. चूक मोठ्या माणसाचीही होते आणि लहान मुलापुढे ती कबूल केल्याने मोठेपण कमी होत नाही, ही शिकवण त्यांनी भाषण न करता दिली.

आश्रमात नवीन मूल आले, की त्याच्यासाठी जुन्या मुलांपैकी एक जण पालक नेमला जाई. तो नव्या मुलाला जेवायची जागा दाखवी, नियम समजावून सांगी, रात्री भीती वाटली तर धीर देई. एखादा मुलगा फार भांडखोर असला, तर कोरचाक त्याच्याशी पैज लावीत. पुढच्या आठवड्यात किती भांडणे करशील, असे त्याला विचारीत. मुलगा आकडा सांगे. त्याने तो आकडा ओलांडला नाही, तर त्याला खाऊ मिळे. दर आठवड्याला आकडा कमी कमी होत जाई. सवय एका दिवसात सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

कोरचाक उत्तम लेखकही होते. १९२३ च्या सुमारास त्यांनी राजा माच्युश या बालराजाची कादंबरी लिहिली. ती पोलंडमधील मुलांच्या आवडीची झाली. मुलांवर प्रेम कसे करावे आणि मुलांचा मान कसा ठेवावा, यावर त्यांनी मोठ्यांसाठी पुस्तके लिहिली. १९२६ साली त्यांनी मुलांचे वर्तमानपत्र सुरू केले. ते मुलांसाठी तर होतेच, पण त्यात लिहिणारीही मुलेच होती. पुढे ते रेडिओवर मुलांशी बोलू लागले. रेडिओवर त्यांचे खरे नाव सांगत नसत. म्हातारा डॉक्टर एवढेच सांगत. पोलंडमधील घराघरांत त्यांचा आवाज लाडका झाला. परंतु देशात ज्यूंचा द्वेष वाढत चालला होता. लोकांना आवडणारा तो म्हातारा डॉक्टर ज्यू आहे, हे काहींना सहन होईना. १९३६ साली त्यांचा कार्यक्रम बंद करण्यात आला.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. महिन्याभरात वॉर्सा पडले. त्या वेळी शहराच्या लोकसंख्येत दर तीन माणसांमागे जवळजवळ एक जण ज्यू होता. ते शिंपी होते, चांभार होते, हमाल होते. डॉक्टर, वकील, शिक्षक आणि छापखानेवालेही होते. त्यांच्या शाळा होत्या, नाटकगृहे होती, वर्तमानपत्रे होती. पिढ्यान् पिढ्या ते त्या शहरात राहत होते.

हा समाज एका दिवसात नष्ट झाला नाही. त्याला पायरीपायरीने वेगळे करण्यात आले. हे नीट लक्षात घ्या. प्रथम हुकूम निघाला, की प्रत्येक ज्यूने दंडावर निळ्या चांदणीची पांढरी पट्टी बांधावी. मग त्यांची दुकाने आणि पैसा काढून घेतला. मग त्यांच्या मुलांच्या शाळा बंद केल्या. मग शहराच्या एका भागाभोवती सुमारे दहा फूट उंच भिंत बांधली आणि सर्व ज्यूंना तिच्या आत जाऊन राहण्याचा हुकूम दिला. नोव्हेंबर १९४० मध्ये या वस्तीची दारे बंद झाली. अशा वस्तीला घेट्टो म्हणत. साडेतीन चौरस किलोमीटरपेक्षाही लहान जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. एकेका खोलीत सरासरी सात माणसे राहू लागली. पुढे तर परवानगीशिवाय भिंतीबाहेर पाऊल टाकणाऱ्याला मृत्युदंड ठरवण्यात आला.

कोरचाकांच्या आश्रमालाही आपली इमारत सोडून घेट्टोत जावे लागले. जाताना मुलांसाठी साठवलेले बटाटे जर्मन शिपायांनी जप्त केले. कोरचाक तक्रार करण्यासाठी थेट जर्मन कचेरीत गेले. त्यांच्या दंडावर पट्टी नव्हती. ती बांधायला त्यांनी नेहमीच नकार दिला होता. त्यांना पकडून तुरुंगात टाकले. सुमारे महिन्याने ते सुटले, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. पण सुटताच ते मुलांकडे परतले.

घेट्टोत खायला फारच थोडे मिळत असे. भिंतीच्या भोकांतून लहान मुले बाहेर जात आणि जीव धोक्यात घालून पाव, बटाटे घेऊन येत. उपासमार आणि साथीचे रोग यांनी दीड-दोन वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसे दगावली. रस्त्यावर प्रेते पडलेली असत. अशा वेळी साठी ओलांडलेले कोरचाक खांद्यावर पोते टाकून दररोज बाहेर पडत. ज्याच्याकडे काही असेल त्याच्या दारात उभे राहत. मुलांसाठी भीक मागायला त्यांना लाज वाटली नाही. आश्रमात आता सुमारे दोनशे मुले होती. बाहेर सगळे कोसळत असताना आत मात्र धडे चालत, न्यायालय भरे, गाणी होत.

आता या गोष्टीत आपल्या देशाचे एक नाव येते. रवींद्रनाथ टागोरांनी डाकघर हे बंगाली नाटक लिहिले आहे. त्यात अमल नावाचा एक आजारी मुलगा आहे. वैद्याने त्याला घराबाहेर पडायला मनाई केली आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या मुलीशी बोलतो. राजाचे पत्र आपल्याला येईल, अशी त्याला आशा वाटते. शेवटी तो शांतपणे झोपी जातो. १८ जुलै १९४२ रोजी कोरचाकांच्या मुलांनी हे नाटक घेट्टोत सादर केले. खोलीत कोंडलेल्या अमलची गोष्ट भिंतीत कोंडलेल्या मुलांनी केली. हेच नाटक का निवडले, असे त्यांना विचारले गेले. मृत्यूला न घाबरता सामोरे जाणे मुलांनी शिकावे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. पुढे काय होणार, हे त्यांना उमगले असावे.

नाटकानंतर अवघ्या चार दिवसांनी, २२ जुलै १९४२ रोजी, घेट्टो रिकामा करण्यास सुरुवात झाली. लोकांना सांगण्यात आले, की त्यांना पूर्वेकडे कामासाठी नेत आहेत. जे आपणहून येतील, त्यांना पाव आणि मुरंबा देण्याचे आमिष दाखवले. उपाशी माणसे त्यालाही भुलली. प्रत्यक्षात आगगाड्या जात होत्या त्रेब्लिंका येथे. ते काम करण्याचे ठिकाण नव्हते. तेथे माणसांना विषारी वायूने मारण्यात येत होते.

कोरचाक पोलंडभर प्रसिद्ध होते. भिंतीबाहेरील त्यांच्या मित्रांनी त्यांच्या सुटकेची तयारी केली होती. खोटी कागदपत्रे आणि लपायला जागा मिळत होती. पण ती एकट्या कोरचाकांसाठी होती, दोनशे मुलांसाठी नव्हती. त्यांनी नकार दिला. रात्री आजारी मुलाला सोडून कोणी जात नाही. मग अशा वेळी मुलांना सोडून कसे जायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी शिपाई आश्रमाच्या दारात आले. मुलांना तयार व्हायला थोडाच वेळ मिळाला. मुले रांगेत उभी राहिली. पुढे कोरचाक होते, मागच्या मुलांबरोबर स्टेफाबाई होत्या. इतर शिक्षकही मुलांबरोबर निघाले. उन्हातून चालत ती रांग आगगाडीपर्यंत गेली. रडारड, आरडाओरडा झाला नाही. रस्त्यावरच्या ज्या थोड्या माणसांनी ते दृश्य पाहिले आणि जी पुढे जगली, ती आयुष्यभर ते विसरू शकली नाहीत. त्रेब्लिंकाहून त्यांच्यापैकी कोणीही परत आले नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत वॉर्सा घेट्टोतील सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे तेथे पाठवली गेली. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्या तरुणांनी थोडीशी शस्त्रे मिळवून जर्मन सैन्याशी लढा दिला. जवळजवळ महिनाभर ते लढले. शेवटी सैन्याने घरामागून घर जाळले आणि १६ मे १९४३ रोजी शहरातील मोठे सिनेगॉग सुरुंगाने उडवले. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहेतीस लाख ज्यू होते. त्यांपैकी तीस लाख मारले गेले. साऱ्या युरोपात ही संख्या साठ लाखांच्या घरात जाते.

त्याच १९४२ साली पोलंडमधील दुसरी काही अनाथ मुले रशियातून हिंदुस्थानात पोहोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना बालाचडी येथे आसरा दिला. पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे काही वर्षे राहिली. जगात दार बंद करणारी माणसे होती, तशी दार उघडणारीही होती.

आज त्रेब्लिंका येथे सतरा हजार दगडांचे स्मारक आहे. अनेक दगडांवर नष्ट झालेल्या गावांची नावे कोरली आहेत. माणसाचे नाव मात्र एकाच दगडावर आहे. ते यानुश कोरचाक यांचे, आणि त्याच्याबरोबर मुलांचा उल्लेख आहे. क्रोखमाल्ना रस्त्यावरची ती जुनी इमारत युद्धातून वाचली. मुलांनाही मान असतो, हा कोरचाकांचा विचारही वाचला. मुलांच्या हक्कांचा करार करावा, ही सूचना पोलंडने १९७८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो करार मंजूर झाला आणि १९९२ साली भारताने तो स्वीकारला. तुम्हांला शिकण्याचा, खेळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे त्या करारात म्हटले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट दूरच्या देशाची आहे, असे समजू नका. माणसामाणसांत पहिली भिंत विटांची नसते. तो आपला नाही, असे एकमेकांविषयी बोलू लागलो, की तिचा पाया पडतो. आपल्या भिवंडीनेही १९७० आणि १९८४ साली दंगलींची आग सोसली आहे. त्यानंतर येथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी एका सतरंजीवर बसून बोलू लागले. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. हे काम साध्या माणसांनी केले. ते तुम्हीही करू शकता.

आपल्या गावात यंत्रमागांवर काम करण्यासाठी दूरदूरहून कुटुंबे येतात. वर्षाच्या मध्येच एखादा नवा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात येऊन दारापाशी उभी राहते. तिची बोली वेगळी असते, कपडे वेगळे असतात, तिला कोणी ओळखत नसते. अशा वेळी कोरचाकांच्या आश्रमाची रीत आठवा. थोडे सरका आणि तिला आपल्या बाकावर जागा द्या.

शब्दार्थ

अनाथ – यतीम; न्यायालय – अदालत; क्षमा – माफी; लौकिक – शोहरत; टोपणनाव – लेखनासाठी घेतलेले नाव; आमिष – लालूच; निर्वासित – घरदार सोडावे लागलेले लोक, पनाहगुजीन; दगावणे – मरण पावणे; रोडावणे – बारीक होणे; उमगणे – समजणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यानुश कोरचाक यांचे मूळ नाव काय होते?
(आ) घेट्टो म्हणजे काय?
(इ) घेट्टोतील मुलांनी कोणाचे नाटक सादर केले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केवळ औषध पुरेसे नाही, असे कोरचाक यांना का वाटू लागले?
(आ) मुलांच्या न्यायालयाची वैशिष्ट्ये सांगा.
(इ) वॉर्सामधील ज्यूंना पायरीपायरीने कसे वेगळे करण्यात आले?

३. विचार करा आणि लिहा.
सुटकेची संधी असूनही कोरचाक यांनी ती का नाकारली? तुम्हांला काय वाटते?

४. वाक्यांत उपयोग करा.
साथ न सोडणे, धीर देणे, आसरा देणे, सामोरे जाणे.

५. उपक्रम
तुमच्या वर्गासाठी पाच नियम सर्वांनी मिळून तयार करा. ते शिक्षकांनाही लागू असावेत.